जाणकार कोण? : शीव, साक्ष आणि पडदा

जाणकार कोणाला म्हणावे, हा प्रश्न आपल्या समाजात ज्ञानाचा प्रश्न म्हणून कधी विचारलाच गेला नाही. तो अधिकाराचा प्रश्न होता आणि अधिकार जन्माने ठरत होता. आज हाच प्रश्न नवा वेष घेऊन पुढे आला आहे. मोबाइलच्या पडद्यावर भेटणारा जाणकार खरा की समोर बसून बोलणारा खरा, हा वाद महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये, चर्चासत्रांत आणि आपल्या चळवळीच्या शिबिरांतही चालतो. पांढरपेशा प्राध्यापकवर्गाचे उत्तर तयार असते : पडद्यावरचे ज्ञान उथळ, गुरूच्या सान्निध्यात मिळते तेच खरे. आपल्यातल्या तरुण कार्यकर्त्यांचे उत्तरही तितकेच तयार असते : पडद्याला जात दिसत नाही, तेव्हा न्याय मिळाला तर तेथेच मिळेल. ही दोन्ही उत्तरे मला अपुरी वाटतात. पहिल्यामागे इतिहासाचे विस्मरण आहे. दुसऱ्यामागे डोळ्यांसमोरच्या वर्तमानाचे.

गुरूच्या सान्निध्याची थोरवी गाणाऱ्यांनी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. सान्निध्य सर्वांना उपलब्ध नव्हते. ज्याची सावली चालत नव्हती त्याला ओसरीवर कोण बसू देणार होते? मातीच्या पुतळ्यासमोर शिकलेला एकलव्य हा खरे तर आपला पहिला दूरशिक्षणाचा विद्यार्थी. विद्या त्याला लांबून मिळाली. अंगठा मात्र प्रत्यक्ष भेटीत गेला. म्हणून 'समोरासमोर' ह्या शब्दाची आपल्याला भुरळ पडण्याचे कारण नाही. समोर आलेल्या माणसाचे आधी काय पाहिले जाते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या अनुभवले आहे.

परंतु अस्पृश्यांचे ज्ञान ह्या व्यवस्थेने नाकारले, एवढेच म्हणून थांबलो तर आपण अर्धेच सत्य सांगतो. व्यवस्थेने ते ज्ञान पुरेपूर वापरले. गावगाड्यात महाराकडे काय काय होते ते आठवावे. सरकारी सारा ठाण्यावर पोहोचवणे, मयताचा सांगावा नेणे, परगावाहून आलेल्या अंमलदाराला वाट दाखवणे, रात्रीची राखण. आणि ह्या सगळ्यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गावाची शीव. दोन गावांत शिवेचा तंटा पडला म्हणजे महाराच्या साक्षीला वजन असे. तो शीव चालून दाखवी. कोणता दगड जुना, कोणता मागाहून रोवलेला, ओढ्याने पात्र कधी बदलले, कोणत्या झाडाच्या बुंध्याशी खूण होती, हे त्याच्या पायांना ठाऊक असे. जुन्या महजरांतून बलुतेदारांच्या साक्षी येतात, त्यांत महाराचीही येते. म्हणजे जमिनीवरच्या सर्वांत मोठ्या तंट्यात गाव ज्याच्या तोंडाकडे पाही, तो माणूस त्याच गावाच्या पाणवठ्यावर घागर बुडवू शकत नव्हता. शिवेचा जाणकार शिवेच्या बाहेर राहत होता.

ह्यातून एक भेद हाती लागतो. जाणकारीचा वापर करणे वेगळे आणि जाणकारीची पारख करणे वेगळे. गावाने महाराची जाणकारी वापरली, पण तिला ज्ञान म्हटले नाही. ज्ञान म्हटले असते तर त्याला मोबदला, मान आणि प्रतिप्रश्न करण्याचा अधिकार द्यावा लागला असता. त्याऐवजी तिला 'वतन' म्हटले आणि त्या नावाखाली माणूस चोवीस तास बांधून घेतला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक आणले, त्याचे मर्म येथे आहे. कष्ट किती आणि त्याचा मोबदला किती, हा हिशेब त्यांनी मागितला. ही कनिष्ठ वतने प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला.

हे जुने झाले असे कोणी म्हणेल. मग शहरात येऊ. मॅनहोलचे झाकण उघडल्यावर किती वेळ थांबायचे, कोणती लाइन पावसाळ्यानंतर तुंबते, कोणत्या कारखान्याचे पाणी रात्री गटारात सुटते, हे सफाई कामगाराला जितके ठाऊक असते तितके नकाशा घेऊन बसलेल्या अभियंत्याला नसते. पण निविदा काढताना त्याला कोणी विचारत नाही. त्याच्या ज्ञानाची किंमत शून्य धरली जाते. किंमत ठरते ती तो मेल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या निकालात गटारातील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. हे आवश्यकच होते. पण जिवंतपणी त्याच कामगाराला एखाद्या समितीवर बसवून 'तू सांग, यंत्र कोणते घ्यायचे' असे विचारल्याचे मी तरी कुठे वाचलेले नाही.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आपल्या काही लेखकांना अनुभवाचे दैवतीकरण करण्याची सवय जडली आहे. गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू थोडा असतो तेव्हा कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. तो फार झाला म्हणजे नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे ज्या क्षणी अनुभवी कामगाराचे नाक त्याला 'आता ठीक आहे' असे सांगते, त्याच क्षणी तो मरणाच्या तोंडात असू शकतो. येथे वायुमापक यंत्र लागते आणि ते यंत्र समजणारा रसायनशास्त्राचा माणूसही लागतो. अनुभवाचे ज्ञान खरे असते, पण ते अपुरेही असते. दुसऱ्या ज्ञानाने त्याची तपासणी झाली पाहिजे. हा नियम आपल्याला पुस्तकी पंडितांपुरताच लावता येणार नाही.

ज्याच्याकडे पुस्तकी ज्ञानाचे शिखर होते अशा माणसाची पारख समोरासमोर कशी झाली आणि लांबून कशी झाली, हे पाहायचे असेल तर बाबासाहेबांच्या आयुष्यातली १९१७ ते १९२६ ही वर्षे घ्यावीत. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून ते १९१७ साली बडोद्याला रुजू झाले. तेथे शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबून टाकीत, असे चरित्रकारांनी नोंदवले आहे. आणि राहायला जागा मिळेना, पारशी वसतिगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कोलंबियातील विद्वत्ता त्या टेबलापर्यंत आली होती. पण टेबलाच्या अलीकडे उभ्या असलेल्या शिपायाला ती पाहण्याची गरज नव्हती. त्याला हवी होती ती माहिती आधीच मिळाली होती.

पुढच्याच वर्षी, १९१८ च्या अखेरीस, ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तेथे दोन गोष्टी एकाच छताखाली घडल्या. काही सहकारी प्राध्यापकांनी त्यांनी पाण्याच्या सामाईक भांड्याला हात लावण्यास हरकत घेतली. आणि सुरुवातीला उदासीन असलेले विद्यार्थी हळूहळू त्यांच्या तासाला गर्दी करू लागले. बाहेरच्या महाविद्यालयांतलेही येऊन बसत. भेट तीच, माणूस तोच, चेहरा तोच. फरक कुठे पडला? सहकाऱ्यांना त्यांच्याकडून काही शिकायचे नव्हते. विद्यार्थ्यांना शिकायचे होते. ज्याला ज्ञानाची गरज आहे तो कान देतो, ज्याला गरज नाही तो आडनाव विचारतो. हे मी जरा ठोकळेबाज बोलतो आहे, गरज असूनही आडनाव विचारणारे पुष्कळ आहेत; पण सिडनहॅमच्या त्या वर्गापुरते तरी हे खरे आहे.

आता लांबून झालेली पारख पाहू. १९२३ साली लंडनमध्ये त्यांचा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ निघाला. केन्स ह्या त्या काळच्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या पुस्तकात भारतातील सुवर्ण विनिमय परिमाणाची तरफदारी केली होती. बाबासाहेबांनी त्या भूमिकेवर सरळ हल्ला चढवला. त्यांचे अध्यापक एडविन कॅनन ह्यांनी ग्रंथाला प्रस्तावना लिहिली. तीत आपल्याला त्यांची बरीच टीका मान्य नाही हे सांगून टाकले आणि तरी मांडणीतल्या ताजेपणाची दाद दिली. हा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे प्रस्तावना म्हणजे आशीर्वाद. मतभेद जाहीर करून मान देता येतो, हे त्या दोन पानांत दिसते. ग्रंथाच्या पानावर शिपाई नव्हता, पाण्याचे भांडे नव्हते. होता तो युक्तिवाद.

म्हणून लांबचे माध्यम श्रेष्ठ, असा निष्कर्ष काढायला कोणी धावेल. त्याने पुढचे प्रकरण वाचावे. भारतीय चलनाचा विचार करण्यासाठी हिल्टन यंग ह्यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी त्याच्यापुढे प्रत्यक्ष साक्ष दिली. आधी लेखी निवेदन, मग आयोगाच्या सभासदांचे प्रश्न, त्यांची उत्तरे, आणि ह्या सगळ्याची शब्दशः नोंद. ही भेट समोरासमोरचीच होती. पण तिला एक शिस्त होती. येथे माणसाला त्याचे विधान सोडून दुसरे काही विचारण्याची सोय नव्हती. विचारलेले आणि सांगितलेले दोन्ही कागदावर उतरत होते, आणि शंभर वर्षांनी मराठवाड्यातल्या एखाद्या महाविद्यालयाचा विद्यार्थी ते वाचू शकतो. गावाच्या शिवेवरची महाराची साक्ष आणि आयोगापुढची बाबासाहेबांची साक्ष ह्यांत हाच मूलभूत फरक आहे. पहिली वापरली गेली. दुसरी तपासली गेली.

महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या 'लेखन आणि भाषणे' ह्या इंग्रजी ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात हे निवेदन आणि ही साक्ष आहे. खंड दुकानात मिळत नाहीत ही तक्रार जुनी आहे. छपाई रखडल्याच्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ च्या डिसेंबरात स्वतःहून दखल घेतली होती. परंतु परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर हे खंड फुकट उतरवून घेता येतात. ज्याच्या घरी पुस्तकाचे कपाट नाही त्याच्या हातातल्या मोबाइलवर सहावा खंड येतो, ही क्रांतिकारक गोष्ट आहे. पडद्याविषयी नाके मुरडणाऱ्या विद्वानांच्या घरी कपाट होते, हे विसरू नये.

आणि तरीही त्या मोबाइलवर सहावा खंड उघडला जात नाही. उघडला जातो तो फिरता मजकूर. त्या मजकुरातली तीन विधाने माझ्या वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला पाठ आहेत : बाबासाहेबांना बत्तीस पदव्या होत्या, आयोगाच्या प्रत्येक सभासदाच्या हातात त्यांचे पुस्तक होते, आणि रिझर्व्ह बँक त्या पुस्तकावरून उभी राहिली. ही विधाने खाली कोणा 'अभ्यासका'च्या नावाने येतात. त्या अभ्यासकाला कोणी पाहिलेले नसते, तो कोणते पान सांगत नाही आणि त्याला उलट विचारण्याची सोय नसते. सोय असते ती फक्त पुढे ढकलण्याची.

पदव्यांचे पाहू. मुंबईची बी. ए., कोलंबियाची एम. ए. आणि पीएच. डी., लंडनची एम. एस्सी. आणि डी. एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी. पुढे कोलंबियाची एलएल. डी. (१९५२) आणि उस्मानिया विद्यापीठाची डी. लिट. (१९५३) ह्या दोन सन्माननीय. ह्यांतली प्रत्येक पदवी कशी मिळवली, किती उपाशीपोटी मिळवली, हे सांगायला एक आयुष्य पुरणार नाही. तिला बत्तीसचा आकडा कशाला हवा? हा आकडा सांगणाऱ्याला बाबासाहेबांच्या ज्ञानाविषयी आदर आहे ह्यात शंका नाही. पण हा आदर देवाच्या हातांची संख्या मोजणाऱ्याचा आदर आहे. देवाला जितके हात जास्त तितका तो मोठा. बाबासाहेबांनी नाकारली ती हीच पद्धत.

रिझर्व्ह बँकेचे विधान अधिक गंभीर आहे, कारण त्याने बाबासाहेबांचा खरा विचारच झाकला जातो. त्यांचे निवेदन काय सांगते? रुपयाची टांकसाळ सरकारला आणि जनतेला दोघांनाही कायमची बंद करा. सोन्याचे नाणे पाडणारी टांकसाळ उघडा. दोन्ही नाण्यांचे प्रमाण कायद्याने ठरवा. पण एकाच्या बदल्यात दुसरे देण्याचे बंधन ठेवू नका. सरकारला मनास येईल तितका रुपया काढता येऊ नये आणि त्यामुळे गरिबाच्या हातातल्या पैशाची किंमत पडू नये, हा त्यामागचा हेतू. १९२६ च्या अहवालात आयोगाने शिफारस केली ती सुवर्ण लगडीच्या परिमाणाची, एक शिलिंग सहा पेन्स ह्या विनिमय दराची आणि एका मध्यवर्ती बँकेची. म्हणजे बाबासाहेबांचा चलनावरचा मूळ उपाय आयोगाने घेतला नाही. बँकेचा कायदा १९३४ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी ती सुरू झाली. पुस्तकावरून बँक उभी राहिली, हे ह्या कागदांवरून सिद्ध होत नाही.

मग त्यांच्या साक्षीचे महत्त्व कमी झाले काय? उलट. विनिमय दराच्या वादात त्यांनी विचारलेला प्रश्न त्या फिरत्या मजकुरात कधी येत नाही. रुपयाचा दर खाली ठेवला तर देशाचा फायदा होतो असे व्यापारी सांगत होते. बाबासाहेबांनी विचारले : हा फायदा कोणाचा आणि कोणाच्या खिशातून? किमती वाढतात तेव्हा मजुरी त्या वेगाने वाढत नाही. म्हणून निर्यातदाराचा नफा हा मजुराच्या ताटातून जातो. राष्ट्राचा फायदा म्हणून जे सांगितले जाते तो एका वर्गाचा दुसऱ्या वर्गावरचा फायदा असतो. हा विचार १९२५ साली शाही आयोगापुढे बसून एक अस्पृश्य अर्थशास्त्रज्ञ सांगतो आहे. आज महागाई आणि मजुरी ह्यांच्यावर मोर्चा काढणाऱ्या आपल्या कार्यकर्त्याला ह्याहून धारदार हत्यार कोणते मिळणार? पण त्याच्या मोबाइलवर बत्तीस आकडा आहे, हत्यार नाही. गावाने आमच्या जाणकाराला वापरले पण मानले नाही. पडद्यावर आम्ही आमच्या सर्वांत मोठ्या जाणकाराला मानतो, पण वापरत नाही.

विरोधकांचे फावते ते वेगळेच. फुगवलेल्या विधानाची टाचणी कोणाच्याही हातात असते. तीन खोट्या वाक्यांपैकी एक पडले की त्याच्या शेजारचे खरे वाक्यही संशयित ठरते. ज्यांना प्रत्येक पावलावर 'तुला काय कळते' असे विचारले गेले, त्या समाजाला हा धोका परवडणारा नाही.

पडद्याला जात दिसत नाही, ह्या समजुतीकडेही वळले पाहिजे. २०१९ च्या नोव्हेंबरात दिलीप मंडल ह्या पत्रकाराचे ट्विटर खाते अडवले गेले तेव्हा देशभरातल्या दलित, आदिवासी आणि ओबीसी लेखक-कार्यकर्त्यांनी निळ्या खुणेचा प्रश्न उभा केला. नावापुढची ती खूण कोणाला मिळते आणि कोणाला नाही, निकष कोण ठरवतो, हा त्यांचा सवाल होता. आधी मुंज एका वर्णाची. पुढे २०२३ पर्यंत तीच खूण महिन्याच्या वर्गणीवर विकत मिळू लागली. म्हणजे प्रथम प्रतिष्ठेने आणि नंतर पैशाने. दोन्ही वेळा खुणेचा आणि त्या माणसाला काय कळते ह्याचा संबंध नव्हता. हाच प्रकार अनुयायांच्या संख्येचा. ज्याला लाखभर लोक पाहतात तो आरक्षणाच्या कायद्यावर बोलू शकतो, औषधावर बोलू शकतो, पाली भाषेवरही बोलू शकतो. त्याला थांबवणारा कोणी नाही.

आणि जात पडद्याला दिसत नाही म्हणता, तर आडनाव दिसते, उच्चार ऐकू येतो, पाठीमागची भिंत दिसते. सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतींना मी दोन्ही रीतींनी सामोरा गेलो आहे. तासिका तत्त्वावर काम करीत असताना एका महाविद्यालयात समोर बसलेल्या तज्ज्ञाने पहिला प्रश्न विषयाचा विचारला नाही. गाव विचारले, मग त्या गावात 'कोणत्या बाजूला' राहता ते विचारले. कोरोनाच्या काळात दुसऱ्या एका ठिकाणची मुलाखत मोबाइलवर झाली. तेथे गाव विचारले नाही. परंतु माझ्यामागे पत्र्याची भिंत होती, मध्येच आवाज तुटत होता, आणि 'तुमच्याकडे नीट सोय दिसत नाही' हे वाक्य तीनदा आले. माझ्या प्रबंधाचा विषय दोन्ही ठिकाणी शेवटी निघाला. वडील माझे वीटभट्टीवर कामाला होते. विटेचा रंग पाहून ती किती भाजली हे ते सांगत, आणि चुकत नसत. त्यांना तज्ज्ञ म्हणून समितीवर घेतले असते तर त्यांनी निदान वीट हातात घेऊन पाहिली असती.

साहित्याच्या क्षेत्रात हा प्रश्न आणखी वेगळे रूप घेतो आणि ते आपल्या वाचकांच्या नित्य परिचयाचे आहे. दलित लेखकाला व्यासपीठावर बोलावतात ते साक्षीदार म्हणून. त्याने अनुभव सांगायचा. त्या अनुभवाचा अर्थ लावायला दुसरा वक्ता बोलावलेला असतो. अनुभव तुमचा, विश्लेषण आमचे, अशी ही वाटणी. महाराने शीव चालून दाखवायची आणि निवाडा पाटील-देशमुखांनी लिहायचा, हीच ती जुनी पद्धत. पडद्यावरच्या चर्चांतही चौकटी चार असतात आणि त्यांतली एक 'अनुभवा'साठी राखीव असते.

ह्या पार्श्वभूमीवर नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) ह्या संग्रहाला विजय तेंडुलकरांनी लिहिलेली प्रस्तावना पुन्हा वाचण्यासारखी आहे. नाटककार म्हणून नावाजलेला एक पांढरपेशा लेखक तेथे कबूल करतो की ह्या कवितेतले अनेक शब्द आपल्याला कळले नाहीत. तो कवीला विचारतो, कवीबरोबर त्या वस्तीत हिंडतो. जाणकार येथे कवी आहे आणि समीक्षक विद्यार्थी आहे. मराठी समीक्षेत असे क्वचितच घडले. बहुतेकांनी शब्द न कळण्याचा दोष कवीला दिला. काहींनी त्याला 'कलात्मकतेचा अभाव' असे भारदस्त नाव दिले. अर्थात त्या संग्रहाला तेंडुलकरांच्या नावाची गरज का पडावी, हा प्रश्न उरतोच. सदाशिवपेठी वाचकाला ओळखीच्या माणसाने हात धरून नेल्याशिवाय कामाठीपुऱ्यात पाऊल टाकवत नव्हते, हे त्याचे उत्तर असावे.

गेल्या वर्षी एम. ए.च्या वर्गात ही कविता शिकवताना असेच शब्द अडले. मुलांनी मोबाइल काढले. शब्दकोशांत काही मिळाले नाही. एका चित्रफितीत कोणा प्राध्यापकाने ती ओळच गाळली होती. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने मुंबईत वीस वर्षे हातगाडी ओढलेल्या आपल्या चुलत्याला फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. चुलता आधी लाजला. पोरींचाही वर्ग आहे म्हटल्यावर बोलेना. मग म्हणाला, "सर, हे शब्द तुम्ही पुस्तकात छापलेत?" आणि पुढे पाऊण तास तो बोलत होता. मुले विचारीत होती, तो सांगत होता. एका शब्दाविषयी त्याने 'हे मला नक्की ठाऊक नाही, ते दुसऱ्या गल्लीतले' असे सांगितले. हे शेवटचे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवले. ज्याला आपल्या जाणकारीची शीव माहीत आहे तो जाणकार, एवढी व्याख्या त्या दिवशी वर्गाला पुरली. पडदा तोच होता ज्यावर बत्तीस पदव्या येतात. फक्त पलीकडे एक माणूस होता आणि त्याला विचारता येत होते.

वामनदादा कर्डकांच्या गाण्यांचे जे चालले आहे तेही ह्याच संदर्भात पाहावे. वामनदादा १९२२ चे, २००४ साली गेले. हजारो गीते त्यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या तोंडात ठेवली. शेवटच्या कडव्यात 'वामन' हे नाव गुंफायची त्यांची रीत होती. कागद हरवला तरी कर्ता हरवू नये. आज ती गाणी पडद्यावर लाखोंनी ऐकली जातात, पण मी ऐकलेल्या कित्येक चित्रफितींत शेवटचे कडवे कापलेले असते आणि खाली नाव असते ते गाणाऱ्याचे किंवा वाद्यवृंदाचे. पुस्तकापेक्षा टिकाऊ अशी युक्ती एका लोककवीने केली होती. ती कात्रीने तीस सेकंदांत मोडली. हे काम परक्यांनी केलेले नाही, आपल्याच मंडळांनी केले आहे. जयंतीच्या वर्गणीतून ह्या चित्रफिती निघतात. तेथे एक ओळ वाढवून कवीचे नाव लिहायला किती खर्च येतो?

आमच्या तालुक्यातल्या काही शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी दोन वर्षांपासून महिन्यातून एकदा बसायचे ठरवले आहे. नियम फार नाहीत. कोणीही वक्ता आला, मोठा असो की लहान, तर त्याने 'बाबासाहेब म्हणाले' असे म्हटल्यावर कोणता खंड, कोणते पान, हे श्रोत्यांतून विचारले जाते. आणि विचारणाऱ्याला कोणी गप्प बसवत नाही. एक नामांकित वक्ते ह्यावरून रागावून निघून गेले. दुसऱ्यांनी तेथेच मोबाइलवर खंड उघडून पान शोधले, ते सापडले नाही, आणि पुढच्या महिन्यात पत्र पाठवून कळवले की ते वाक्य भाषणातले नसून चरित्रकाराचे आहे. त्यांना आम्ही पुन्हा बोलावले. फिरता मजकूरही आम्ही आणतो आणि त्याच रीतीने वाचतो. महिन्याला एखाद-दुसराच टिकतो.

तेथेच एक वही ठेवली आहे. तालुक्यात कोणाला काय येते, ह्याची ती नोंद आहे. निवृत्त तलाठी, ज्यांना जुने फेरफार वाचता येतात. नगरपालिकेतून निवृत्त झालेला एक सफाई कामगार, ज्याला गावाखालची सगळी गटारलाइन तोंडपाठ आहे. मोडी वाचणारी एक शिक्षिका. जळालेल्या वस्तीची फिर्याद कशी लिहायची आणि त्यात ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम कुठे घालायचे, हे वकिलाहून नेमके सांगणारा एक चहावाला. प्रत्येकाच्या नावापुढे दोन रकाने आहेत : काय येते, आणि कोणी विचारून पाहिले. दुसरा रकाना भरल्याशिवाय नाव पक्के करायचे नाही, असे ठरले आहे. पदवीचा रकाना ठेवावा की नाही, ह्यावर मागच्या बैठकीत रात्री अकरापर्यंत भांडण झाले. मुलींचे म्हणणे असे की ठेवावा, कारण आपण पदव्या फार कष्टाने मिळवल्या आहेत आणि त्या लपवायचे कारण नाही. चहावाल्याने हरकत घेतली. निर्णय पुढच्या महिन्यावर गेला आहे.